रक्तात उरलेली साथ: सेरो सर्वेक्षणाबद्दल मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

‘झोपडपट्टीत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के’ लोकांना कोविडचा संसर्ग होऊन गेल्याची बातमी २०२० च्या जुलैअखेर छापून आली आणि ‘सेरो सर्व्हे’ हा शब्द मुंबईच्या घराघरांत पोहोचला. शब्द पोहोचला, पण त्याचा अर्थ लावायचा कसा, हा गोंधळ अजून टिकून आहे. लोक सतत विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

सेरो सर्वेक्षण म्हणजे नेमकं काय?

शरीरात रोगजंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार होतात. माणूस बरा होतो, जंतू निघून जातो, प्रतिपिंडं मात्र रक्तात उरतात: काही आजारांत काही महिने, काहींत वर्षानुवर्षं, काहींत जन्मभर. ठरलेल्या पद्धतीनं लोक निवडायचे, प्रत्येकाचं थोडंसं रक्त घ्यायचं, त्यातली प्रतिपिंडं शोधायची आणि संसर्ग आजवर कितीजणांना होऊन गेला याचा अंदाज बांधायचा, एवढंच हे काम.

२६ जुलैच्या पुरानंतर तळमजल्याच्या भिंतीवर राहिलेल्या ओल्या रेषेशी याची तुलना करता येईल. पाणी कुठवर चढलं होतं हे रेषा दाखवते. ते किती वाजता चढलं आणि किती वेळ थांबलं, हे ती सांगत नाही. भिंतीला रंग लागला की रेषाही जाते.

पण रुग्णांची नोंद तर रोज होतच होती. मग वेगळं रक्त कशाला काढायचं?

नोंद होते ती तपासणीपर्यंत पोहोचलेल्या माणसाची. ज्याला लक्षणंच नव्हती, ज्यानं ताप अंगावर काढला, ज्याला रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहणं परवडत नव्हतं, तो त्या नोंदवहीत नसतोच. शिवाय नाकातल्या स्वॅबची चाचणी फक्त विषाणू अंगात असतानाच्या थोड्या दिवसांत काही सांगू शकते. ते दिवस टळले की त्या चाचणीला काही सापडत नाही.

यातून तफावत किती पडते ते एका ढोबळ हिशेबात पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, त्यातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत. या ४२ टक्क्यांतल्या ५७ टक्क्यांना आणि उरलेल्या ५८ टक्क्यांतल्या १६ टक्क्यांना संसर्ग झाला असं धरलं, तर शहराचा आकडा सुमारे ३३ टक्के येतो, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास माणसं. २०२० च्या जूनअखेर शहरात नोंदलेले रुग्ण मात्र ऐंशी हजारांच्या आतच होते. सर्वेक्षण तीनच वॉर्डांत झालं होतं, त्यामुळे चाळीस लाख हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण नोंदलेल्या एका रुग्णामागे न दिसलेले कितीतरी होते, हे त्यातून दिसतंच.

मुंबईच्या त्या पहिल्या सर्वेक्षणात काय केलं होतं?

मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी इतर काही संस्थांच्या मदतीनं हे काम केलं. वॉर्ड तीन: आर उत्तर म्हणजे दहिसर, एम पश्चिम म्हणजे चेंबूर आणि एफ उत्तर म्हणजे माटुंगा-शीव-वडाळा. ८,८७० नमुन्यांचा अंदाज धरला होता, प्रत्यक्षात जमले ६,९३६. त्यातले सुमारे ४,२०० झोपडपट्टीतले आणि सुमारे २,७०० बाहेरचे.

५७ आणि १६ हे आकडे इतके दूर का, याचं कारण मुंबईकराला वेगळं सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, समाईक नळ, सार्वजनिक शौचालयाची रांग. ‘अंतर ठेवा’ ही सूचना ज्या घरांना लागू पडत होती, तिथे १६ टक्के. माझ्या मते या सर्वेक्षणाचा खरा निष्कर्ष ५७ हा आकडा नव्हेच, दोन आकड्यांमधली दरी हा होता. एकाच वॉर्डात, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, साथीच्या दोन वेगळ्या कहाण्या घडल्या होत्या, आणि शहराची एकच सरासरी काढली असती तर त्या दोन्ही झाकल्या गेल्या असत्या.

ऑगस्टमध्ये तोच आकडा ५७ वरून ४५ वर आला. होऊन गेलेला संसर्ग मागे कसा फिरेल?

फिरत नाही. होऊन गेलेल्या संसर्गांची संख्या वाढेल किंवा तेवढीच राहील, कमी होणं शक्य नाही. त्याच तीन वॉर्डांत ऑगस्टच्या उत्तरार्धात दुसरी फेरी झाली. झोपडपट्टीत सुमारे ४५ टक्के आणि बाहेर सुमारे १८ टक्के आकडे आले, आणि ‘पहिला सर्व्हे खोटा होता’ अशी कुजबुज सुरू झाली.

खरी कारणं दोन. पहिलं असं की दोन्ही फेऱ्यांत रक्त देणारी माणसं वेगळी होती. वस्ती तीच असली तरी गल्ली बदलली की आकडा थोडाफार बदलतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: प्रतिपिंडं ओसरतात. मुंबईत वापरलेली चाचणी विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड या प्रथिनाविरुद्धची आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं शोधत होती. ही प्रतिपिंडं काही महिन्यांत कमी होत जातात आणि चाचणीच्या मर्यादेखाली गेली की अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. एप्रिल-मे महिन्यांत ज्यांना संसर्ग झाला, त्यांच्यातल्या काहींची खूण ऑगस्टपर्यंत पुसट झाली होती. झोपडपट्टीत साथ आधी उसळली, त्यामुळे घसरणही तिथेच दिसली. इमारतींत संसर्ग अजून चालू होता, म्हणून तिथे आकडा किंचित चढला.

यावरून एक सवय लावून घ्यावी. सेरो सर्वेक्षणाचा आकडा वाचताना ‘कोणती चाचणी, कोणत्या प्रथिनाविरुद्ध आणि संसर्गानंतर किती महिन्यांनी’ हे आधी विचारावं. हे ओसरणं हिशेबात न धरता जुनी साथ मोजली, तर ती हमखास लहान दिसते.

पुढच्या फेऱ्यांत काय दिसलं?

मार्च २०२१ मध्ये सगळ्या २४ वॉर्डांतून १०,१९७ नमुने घेतले. ३६.३० टक्क्यांत प्रतिपिंडं होती. या वेळी घरोघरी न जाता पालिकेच्या दवाखान्यांत आणि खाजगी प्रयोगशाळांत इतर तपासण्यांसाठी आलेलं उरलेलं रक्त वापरलं होतं. दवाखान्यांतल्या नमुन्यांत प्रमाण ४१.६१ टक्के निघालं, खाजगी प्रयोगशाळांतल्या, म्हणजे बहुतेक इमारतींत राहणाऱ्यांच्या, नमुन्यांत सुमारे २८.६ टक्के. म्हणजे शहराचा मोठा हिस्सा, विशेषतः इमारतींतला, अजून विषाणूसाठी मोकळा होता. दुसरी लाट तेव्हा चढू लागलेलीच होती.

एप्रिल ते जून २०२१ मध्ये फक्त मुलांचं सर्वेक्षण झालं. २,१७६ नमुने घेतले, त्यांत ५१.१८ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं सापडली. मार्चच्या फेरीत अठराखालच्यांचं प्रमाण ३९.४ टक्के होतं. शाळा बंद, मुलं घरात, रुग्णांच्या यादीत मुलं नावाला, आणि तरीही निम्म्यांना संसर्ग होऊन गेलेला. मुलांपर्यंत विषाणू किती पोहोचला होता हे या रक्तावाचून कळलं नसतं.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मधला आकडा ८६.६४ टक्के. तोवर लसीकरण जोरात होतं, त्यामुळे त्यातला संसर्ग किती आणि लस किती हे वेगळं काढणं अवघड झालं. लस न घेतलेल्यांतही ७९.८६ टक्के प्रमाण होतं, मला तोच आकडा जास्त बोलका वाटतो.

आयजीएम आणि आयजीजीत फरक काय?

हे दोन्ही प्रतिपिंडांचे प्रकार. आयजीएम आधी येतं आणि सहसा लवकर जातं, आयजीजी थोडं उशिरा येतं आणि त्यामानानं जास्त टिकतं. आयजीएम सापडलं तर संसर्ग बहुधा ताजा. नुसतं आयजीजी सापडलं तर जुना. भूतकाळ शोधायचा असेल तर भर आयजीजीवर असतो.

रक्तात तारीख लिहिलेली नसते. मग साथ कोणत्या साली आली होती हे कसं ओळखतात?

वयावरून. या विद्येतली सगळ्यात देखणी युक्ती हीच आहे.

एखादा आजार वस्तीत दरवर्षी सारख्याच वेगानं फिरत असेल, तर जो जास्त वर्षं जगला त्याला तो होऊन गेल्याची शक्यता जास्त. वयाप्रमाणे प्रतिपिंडांचं प्रमाण आलेखावर मांडलं तर रेषा हळूहळू चढते आणि वर जाऊन सपाट होत जाते. या चढावरून दरवर्षी किती टक्के लोकांना संसर्ग होतो ते काढता येतं. संशोधक ह्यूगो म्यूंच यांनी १९३४ मध्ये हे गणित मांडलं आणि आजची बरीचशी मॉडेल्स त्याच पायावर उभी आहेत.

आजार एकदाच उसळून गेला असेल तर आलेखात चढ नसतो, पायरी असते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर भारतात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परत उसळला. समजा, १९९५ साली बार्शीत सगळ्या वयांच्या लोकांचं रक्त तपासलं असतं. चोविशीच्या पुढच्या अनेकांत प्रतिपिंडं आणि विशीखालच्यांत जवळपास शून्य, असं चित्र अपेक्षित असतं. कागदोपत्री एकही नोंद नसती तरी ‘इथे बावीसेक वर्षांपूर्वी काहीतरी येऊन गेलं, मग आलं नाही’ हे रक्तानंच सांगितलं असतं. २००६ मध्ये ही साथ एवढी का पसरली, याच्या उत्तराचा एक भागही यातच आहे: मधल्या तीन दशकांत जन्मलेल्यांची विषाणूशी गाठच पडली नव्हती.

हे गणित नेहमी बरोबर येतं का?

नाही. डेंगीवर करून बघा. २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत १२,३०० लोकांचं रक्त डेंगीसाठी तपासलं होतं. ५ ते ८ वर्षांच्या मुलांत २८.३ टक्के, ९ ते १७ वयात ४१ टक्के, १८ ते ४५ मध्ये ५६.२ टक्के. मुलांच्या गटाचं सरासरी वय साडेसहा धरलं तर दरवर्षी सुमारे ५ टक्के संसर्ग असा वेग निघतो. त्याच वेगानं तिशीपर्यंत सुमारे ७८ टक्के व्हायला हवेत. प्रत्यक्षात मोठ्यांच्या गटात ५६.

म्हणजे पूर्वी डेंगी कमी होता आणि अलीकडे वाढला? मोह होतो तसं म्हणायचा, आणि त्यात तथ्य असूही शकेल. पण याच सर्वेक्षणात दक्षिण भारतात ७६.९ टक्के, आपल्या पश्चिम विभागात ६२.३ आणि ईशान्येत फक्त ५ टक्के होते. जिथे डेंगी फारसा नाहीच तिथली माणसं कितीही वयाची झाली तरी आकड्यात भर घालत नाहीत, आणि देशाची सरासरी आलेखाला अकाली सपाट करते. वेग बदलला नसतानाही बदलल्यासारखा दिसतो. म्हणून वयाचा आलेख शक्य तितक्या लहान भूभागासाठी काढावा. मुंबईत तर वॉर्डसुद्धा मोठा पडतो, हे ५७ आणि १६ नं दाखवलंच.

चाचणी चुकत असेल तर सगळंच मुसळ केरात ना?

चाचणी चुकतेच. किती चुकते ते माहीत असलं की हिशेबात दुरुस्ती करता येते. पण साथ फार पसरली नसेल तेव्हा ही दुरुस्तीही डळमळीत होते. समजा १,००० लोकांतल्या फक्त १० जणांना संसर्ग होऊन गेला आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी २ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. उरलेल्या ९९० मधले २० जण विनाकारण पॉझिटिव्ह येतील. एकूण तीस पॉझिटिव्ह, त्यात खरे दहाच. हीच चाचणी जिथे निम्म्यांना संसर्ग झाला आहे तिथे वापरली तर ५०० खऱ्यांपुढे दहा चुकीचे नगण्य ठरतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मे २०२० च्या देशव्यापी कोविड फेरीत प्रमाण ०.७३ टक्के आलं होतं. एवढ्या लहान आकड्यासाठी पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या किटवर पुन्हा तपासून घेतले होते, ते यामुळेच.

एका विषाणूची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत सापडू शकतात का?

सापडतात, आणि डेंगीच्या घराण्यात तर सर्रास. डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर हे एकमेकांचे नातलग; एकाविरुद्धचं प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटतं.

१९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. त्या सुरुवातीच्या काळात भारतातल्या रहिवाशांच्या रक्तात कोणकोणत्या विषाणूंची प्रतिपिंडं आहेत ते तपासलं गेलं आणि झिकासाठी १९६ पैकी ३३ नमुने पॉझिटिव्ह आले. त्यावरून झिका भारतात तेव्हापासूनच होता असं म्हणता येईल का? माझं उत्तर: नुसत्या या आकड्यावरून नाही. नातलग विषाणूंनी केलेली गल्लत किती, हे वेगळं काढल्याखेरीज निकाल देता येत नाही. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. मधल्या सत्तर वर्षांत विषाणू इथेच गुपचूप होता की नव्हता, ते ३३ नमुने सांगू शकत नाहीत.

लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातून जुना संसर्ग ओळखता येतो का?

आजार आणि लस दोन्हींवर अवलंबून. कोविशील्डमुळे फक्त विषाणूच्या काट्यांविरुद्ध, म्हणजे स्पाइक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशा माणसात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्ध प्रतिपिंडं सापडली तर त्याला संसर्ग झाला होता असं समजायला हरकत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला आख्खा विषाणू असतो, तिथे ही वाट बंद. हिपॅटायटिस बीची तऱ्हा सोपी: लसीनं एकच प्रतिपिंड येतं, संसर्गानं दुसरंही येतं. गोवरात मात्र लस आणि आजार यांचं आयजीजी वेगळं ओळखता येत नाही. तिथे सेरो सर्वेक्षण वेगळ्या कामाला येतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांत गोवर उसळला होता, तशा ठिकाणी संरक्षणाविना किती मुलं उरली आहेत ते त्यातून कळतं.

जुने, साठवलेले नमुने काढून आज तपासले तर?

त्यातून इतिहास बदलल्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. दूषित पाणी म्हणजे हिपॅटायटिस ए, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्या साथीतले सीरमचे, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचे, नमुने जपून ठेवले होते. हिपॅटायटिस एची नेमकी चाचणी आली, तेव्हा ते नमुने आणि अहमदाबाद-पुण्याच्या नंतरच्या साथींतले नमुने तपासले गेले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस एची जुनी प्रतिपिंडं होती, ताज्या संसर्गाची खूण नव्हती. लहानपणीच ए होऊन गेलेल्या या लोकांना आता दुसऱ्याच कुठल्या तरी विषाणूनं गाठलं होतं. त्यालाच पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं. पंचवीस वर्षं गोठवून ठेवलेल्या रक्तानं चुकीच्या आरोपीला सोडवलं, असं म्हणायला हवं.

मग १८९६ चा मुंबईचा प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएन्झा असाच शोधता येईल का?

प्लेग नाही. प्रतिपिंडांसाठी जिवंत माणूस किंवा जपलेलं सीरम लागतं, १८९६ मधलं दोन्हीही नाही. तिथे मृत्यूंच्या नोंदींवरच भिस्त.

१९१८ चं काम मात्र इतरत्र झालं आहे. १९३६ मध्ये विषाणुतज्ज्ञ रिचर्ड शोप यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त डुकरांच्या फ्लूच्या विषाणूवर तपासलं. मोठ्यांच्या रक्तानं तो विषाणू निष्प्रभ केला, लहान मुलांच्या रक्तानं सहसा केला नाही. म्हणजे मुलं जन्मण्याआधी माणसांत तसाच विषाणू फिरून गेला होता, आणि तो १९१८ चाच असावा, हा तर्क तिथून आला. २००८ मध्ये त्या साथीतून वाचलेल्या वृद्धांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही १९१८ च्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. २००९ च्या स्वाइन फ्लूनं म्हाताऱ्यांना तुलनेनं कमी छळलं, त्यामागेही अशा जुन्या ओळखीचा हात होता.

क्षयरोगासाठी असं सर्वेक्षण का करत नाहीत?

क्षयात रक्तातली प्रतिपिंडं भरवशाची नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये निदानासाठी अशा रक्तचाचण्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारतानं त्यांवर बंदी घातली. क्षयाच्या संसर्गाचा वेग मोजायला मुलांच्या हातावर ट्युबरक्युलिनची, म्हणजे क्षयजंतूंच्या प्रथिनाची, सुई टोचून सर्वेक्षणं झाली, ती प्रतिपिंडांची नव्हेत.

सेरो सर्वेक्षणावरून मृत्युदर काढला होता, तो खरा मानायचा का?

पहिल्या फेरीनंतर मुंबईसाठी ०.०५ ते ०.१० टक्के असा अंदाज दिला होता: नोंदलेले मृत्यू भागिले अंदाजे संसर्ग. या भागाकारातला संसर्गाचा आकडा सेरो सर्वेक्षणानं सुधारला, मृत्यूंचा तसाच राहिला. मृत्यू नोंदायचे सुटले असतील तर दर खोटा कमी दिसतो. शिवाय झोपडपट्टीत तरुणांचं प्रमाण जास्त, त्यामुळे तिथला दर दादर-पार्ल्याच्या पेन्शनरांना लावून चालणार नाही.

माझ्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर मी सुरक्षित का?

सर्वेक्षण वस्तीबद्दल बोलतं, तुमच्याबद्दल नाही. तो अहवाल बेफिकिरीचा परवाना म्हणून वापरू नका.

पालिकेचे लोक रक्त मागायला आले तर द्यायचं का? नाव-पत्ता कुठे जातो?

द्यावं, आणि देण्याआधी संमतीपत्र नीट वाचावं, न पटलं तर नाही म्हणावं. घरोघरच्या सर्वेक्षणात वय, लिंग, वस्ती यांची नोंद होते, कारण त्याशिवाय वयाचा आलेख काढता येत नाही. मार्च २०२१ सारख्या फेरीत उरलेल्या रक्तावरून ओळख पुसून टाकलेली असते. एचआयव्हीच्या सर्वेक्षणांत ही पद्धत फार आधीपासून वापरली गेली आहे. सोसायटीच्या गेटवरूनच पथक परत पाठवलं तर त्या सोसायटीचा आकडा शून्य होत नाही, तिच्या जागी शेजारच्या इमारतीचा अंदाज वापरावा लागतो, आणि तो तुमच्याशी जुळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.